कोंबड्या अशा का वागतात? नव्याने पाळणाऱ्यांच्या प्रश्नांना सविस्तर उत्तर

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: सात-आठ कोंबड्या आणि एक कोंबडा आणलाय. त्या एकमेकींना टोचतात. कोंबडा उजाडायच्या कितीतरी आधी आरवतो. एक कोंबडी घरट्यातून हलायला तयार नाही. अंधार पडला की सगळ्या आंधळ्यासारख्या होतात. मातीत लोळतात त्याचं काय करायचं? कोंबडा नसता तर अंडी मिळाली असती का? आणि शेवटचा प्रश्न, कोंबडीला अक्कल असते का?

कोंबड्या पाळण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: असते, आणि आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ असते. ती कशी हे पुढे येईलच. पण त्याआधी एक गोष्ट पक्की धरा. खुराड्यातली कोंबडी हे मुळात दाट झाडीतलं पाखरू आहे. आग्नेय आशियातली लाल रानकोंबडी ही तिची मुख्य पूर्वज. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाळीव कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीशीर अवशेष मध्य थायलंडमधले, इ.स.पू. १६५० ते १२५० या काळातले ठरले. माणसाच्या सोबतीला तिला साडेतीन हजार वर्षं झाली असं धरा. तेवढ्यात आपण तिचं वजन वाढवलं, अंडी वाढवली, रंग बदलले. तिची भीती, तिची झोप आणि कळपात कोण वर कोण खाली ही तिची जाण मात्र रानातलीच राहिली. रानकोंबडी लहान टोळीत राहते, दिवसभर पाचोळा उकरते, संध्याकाळी झाडावर चढते, आणि वरून किंवा झुडपातून कोण झडप घालेल याकडे सतत लक्ष ठेवते. एखादं वागणं विचित्र वाटलं की रानात ते कशाला उपयोगी पडलं असतं, एवढंच स्वतःला विचारा. बहुतेक कोडी तिथेच सुटतात.

आता टोचाटोची. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण नव्याने पाळणारे सगळ्यांत जास्त घाबरतात ते यालाच. कोंबड्यांच्या कळपात प्रत्येकीची जागा ठरलेली असते. कुणी कुणाला टोचायचं आणि कुणी गुपचूप बाजूला व्हायचं, हे प्रत्येक जोडीपुरतं पक्कं झालेलं असतं. नॉर्वेच्या थॉर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांच्या वागण्याच्या नोंदी ठेवल्या होत्या. पुढे १९२१-२२ च्या सुमारास त्यांनी ही उतरंड शास्त्रीय भाषेत मांडली. ही शिडी दर वेळी सरळ नसते, हेही त्यांना दिसलं होतं. कधी कधी पहिली दुसरीवर भारी, दुसरी तिसरीवर भारी, आणि तिसरी पुन्हा पहिलीवर भारी असा त्रिकोण तयार होतो. तुमच्याकडे ‘सगळ्यांना दबणारी कोंबडी एकीला मात्र पळवते’ असं दिसलं तर गोंधळू नका.

ही उतरंड एकदा बसली की खरं तर भांडणं कमी होतात. वरच्या कोंबडीनं नुसती मान उंच करून बघितलं तरी खालची सरकते. चोच लागतही नाही. भांडणं होतात ती उतरंड मोडल्यावर: नवी कोंबडी आणली, जुनी काढली, एखादी आजारातून परत आली, किंवा तलंगा वयात येऊन अंड्यावर आल्या. आपल्याकडच्या प्रत्येक कोंबडीला कोंबड्या चेहऱ्यामोहऱ्यानं ओळखतात, विशेषतः डोक्यावरचा तुरा आणि मान बघून. त्यामुळे नवीन तोंड आलं की प्रत्येकीला त्याच्याशी हिशेब नव्याने करावा लागतो. फार मोठ्या कळपात हे अशक्य होतं. तिथे त्या तुऱ्याच्या आकारावरून अंदाज बांधतात.

म्हणून नव्या कोंबड्या आणल्यात तर आधी तीन-चार आठवडे अगदी वेगळ्या ठेवा. रोग येऊ नये म्हणून हे करायचंच. नंतर आठवडा-दोन आठवडे मध्ये जाळी ठेवून एकमेकींना दिसू द्या. मग रात्री, सगळ्या दांडीवर बसल्यावर, नव्या कोंबड्या हळूच शेजारी बसवा. एकटी कधी सोडू नका. निदान दोघी असाव्यात, म्हणजे मार वाटला जातो. खाद्य-पाणी दोन-तीन ठिकाणी मांडा, आणि खालच्या कोंबडीला पळून आडोशाला जाता येईल असं फळकूट, पेटी, झुडूप काहीतरी ठेवा. चार-पाच दिवस आवाज होईल. होऊ द्या. दर वेळी मध्ये पडून सोडवलंत तर उतरंड कधी बसणारच नाही.

एक फरक मात्र डोळ्यांत तेल घालून ओळखायला हवा. डोक्यावर मारलेली एखादी टोच ही उतरंडीची. पाठीची, शेपटीची पिसं उपटणं, गुदद्वाराशी टोचणं, रक्त काढणं हे वेगळं प्रकरण आहे आणि त्याचा मानापमानाशी संबंध नाही. कोंबडीला दिवसातला बराच वेळ जमीन उकरून टोचायची ओढ असते. उकरायला काही नसेल तर तीच टोच शेजारणीच्या पिसांवर जाते. जागा कमी, प्रकाश भगभगीत, खाद्यात प्रथिनं कमी असली की हे वाढतं. रक्त दिसलं की ती कोंबडी त्याच क्षणी बाजूला काढा, कारण लाल रंगाकडे बाकीच्या धावतात आणि तासाभरात जीव जाऊ शकतो. मग कारण शोधा: जमिनीवर भुसा-पाचोळा जाड पसरा, त्यात थोडे दाणे टाका, पालेभाजीची जुडी उंचावर टांगा. चोच कापणं हा यावरचा उपाय मी मानत नाही. चोचीच्या टोकाला भरपूर मज्जातंतू असतात. ते तिचं स्पर्शाचं इंद्रिय आहे.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे आपण म्हणतोच. पण झाकलेलं कोंबडंसुद्धा आरवायचं राहत नाही, हेही तितकंच खरं. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये कोंबडे कायम मंद उजेडात ठेवून पाहिलं, तरी ते रोज साधारण ठरल्या वेळीच आरवत राहिले. त्यांच्या शरीरातलं घड्याळ उजेडाच्या आधीच जागं होतं आणि उजाडायच्या दोनेक तास आधीपासून आरवणं सुरू होतं. शिवाय दिव्याचा झोत, दुसऱ्या कोंबड्याचा आवाज, गाडीचा आवाज यांनीही तो आरवतो. आरवणं म्हणजे ‘ही जागा माझी’ अशी दवंडी. २०१५ मध्ये याच मंडळींना दिसलं की एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत सगळ्यांत वरचा आधी आरवतो आणि बाकीचे आपापल्या क्रमानं मागून. वरचा काढून घेतला की दुसरा सुरुवात करतो. तुमचा एकटाच आहे, त्यामुळे त्याला कुणाची वाट बघायची गरज नाही. खुराड्यात पूर्ण अंधार केला तर बाहेरच्या दिव्यांनी उठवलेलं आरवणं कमी होईल, पहाटेचं थांबणार नाही. एवढ्या मोठ्या आवाजानं तो स्वतः बहिरा का होत नाही, असं मुलं नेहमी विचारतात. चोच पूर्ण उघडली की त्याच्या कानाची वाट आतून जवळजवळ बंद होते. आणि कानातल्या ऐकण्याच्या पेशी खराब झाल्याच तर पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा तयार होतात. माणसात होत नाहीत.

कोंबड्याचं काम फक्त आरवण्याचं आणि अंडी फलित करण्याचं, असं समजू नका. तो कळपाचा राखणदार आहे. त्याच्याकडे दोन वेगळ्या धोक्यांसाठी दोन वेगळ्या हाका असतात. आकाशात घार दिसली की बारीक, लांबट, पटकन न सापडणारा आवाज काढतो, आणि कोंबड्या झुडपाखाली दबून बसतात. जमिनीवरून कुत्रं किंवा मांजर आलं की मोठ्यानं, तुटक, एकसारखं ‘कॉक-कॉक-कॉक’ चालू होतं, आणि सगळ्या माना उंच करून उभ्या राहतात. हाक ऐकून त्यांना धोका कुठून आहे ते कळतं. प्रयोगशाळेत ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या, समोर काहीही नसलं, तरी कोंबड्या हाकेप्रमाणेच वागल्या. आसपास कोंबडी नसेल तर कोंबडा घार बघूनही बऱ्याचदा ओरडत नाही, हेही दिसून आलं आहे. म्हणजे ती नुसती घाबरून निघालेली किंकाळी नसते.

त्याची खाऊची हाक तर जरूर बघा. अळी किंवा दाणा सापडला की तो मान वरखाली करत भराभर ‘टुक-टुक-टुक’ करतो, घास चोचीत उचलतो, पुन्हा खाली टाकतो, आणि कोंबडी येऊन तो उचलेपर्यंत थांबतो. कोंबड्या त्याच्याकडे बघून ठरवतात, याच्यामागे जायचं की नाही. कळपात एकूण वीसहून जास्त प्रकारचे आवाज मोजले गेले आहेत. थोडे दिवस शांत बसून ऐकलंत तर निम्मे तुम्हालाही कळू लागतील.

कोंबडा नसला तरी अंडी मिळतात. ती फलित नसतात, त्यातून पिल्लू निघत नाही, एवढंच. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले जवळजवळ २० तास कवच चढण्यात जातात. त्यामुळे अंडं घालायची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मग एखादा दिवस खाडा पडतो. कवच चढतं ते मुख्यतः रात्री, म्हणून शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी जास्त खाल्ला जातो. तो वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, जिला हवा ती घेईल. दिवस लहान झाले की अंडी घटतात, कारण कोंबडीचा मेंदू कवटीतून आत झिरपणारा उजेडसुद्धा ओळखतो आणि त्यावर दिवसाची लांबी मोजतो. साधारण १४ तासांचा उजेड मिळेनासा झाला की अंडी कमी होतात किंवा थांबतात, जुनी पिसं गळतात, नवी येतात. या काळात ती आजारी दिसते, पण आजारी नसते. प्रथिनं वाढवा आणि तिला हाताळू नका, फुटणारं कोवळं पीस दुखतं. कोंबडा काढून टाकला तरी दोनेक आठवडे अंडी फलित निघू शकतात. कोंबडीच्या अंडनलिकेत वीर्य साठवायच्या बारीक नळ्या असतात.

घरट्यातून न हलणारी तुमची कोंबडी खुडूक बसली आहे, म्हणजे तिला अंडी उबवायची ओढ लागली आहे. हात नेला की ती पिसं फुलवून फुत्कारते, टोचते, दिवसातून एकदाच उठून घाईघाईनं खाते, पाणी पिते आणि एक मोठी, घाण वासाची विष्ठा टाकून परत जाते. छातीखालची पिसं तिनं स्वतः उपटली असतील, म्हणजे उघडी कातडी अंड्याला लागते. हे सगळं प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे होतं. रागावून, पाण्यात बुडवून ते उतरवायला जाऊ नका, उगाच छळ होतो. पिल्लं हवी असतील तर तिला फलित अंड्यांवर रवणात बसवा. ती २१ दिवस अंडी साधारण साडेसदतीस अंश सेल्सिअसवर ठेवते, दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं फिरवते, आणि हे कोणत्याही यंत्रापेक्षा बिनचूक करते. पिल्लं नको असतील तर खालून हवा खेळणाऱ्या जाळीच्या पिंजऱ्यात, घरट्याशिवाय, खाद्य-पाणी देऊन तीन-चार दिवस ठेवा. पोटाखाली गारवा लागला की बहुतेक कोंबड्या मोकळ्या होतात.

रवणात बसवलीत तर शेवटच्या दोन दिवसांत खुराड्याशी कान द्या. कवच फोडायच्या आधीच पिल्लू आतून चिवचिवतं आणि आई हलक्या, घोगऱ्या आवाजात उत्तर देते. बाहेर येईपर्यंत त्याला तिचा आवाज ओळखीचा झालेला असतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लांनी काही खाल्लं नाही तर घाबरू नका. बाहेर येण्यापूर्वी उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि तेवढ्यावर त्याचं भागतं. याच दिवसांत ते समोर हलणाऱ्या पहिल्या मोठ्या वस्तूला आई मानतं. यंत्रातली पिल्लं तुमच्या पायामागे धावतात ती म्हणूनच.

अंधारात त्यांना खरोखर फार कमी दिसतं. पण दिवसाची त्यांची नजर आपल्यापेक्षा कितीतरी समृद्ध आहे. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, त्यांच्याकडे रंगांसाठी चार, शिवाय हालचाल टिपायला जोडशंकू वेगळे. जांभळ्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा रंगही त्यांना दिसतो. या सगळ्याची किंमत रात्री मोजावी लागते, म्हणून अंधार पडायच्या आत त्या आपणहून दांडीवर चढतात. त्यांना पकडायचं, तपासायचं, औषध द्यायचं असेल तर रात्रीच करा, धावपळ होत नाही.

आणखी एक नीट बघण्यासारखं आहे. कोंबडी दाणा निवडताना उजवा डोळा वापरते आणि आकाशातली घार बघताना डोकं तिरकं करून डावा डोळा वर लावते. अंड्यात पिल्लू वळून बसलेलं असतं तेव्हा त्याचा उजवा डोळा कवचाकडे असतो आणि डावा अंगाखाली झाकलेला. कवचातून येणारा उजेड उजव्यालाच मिळतो, आणि त्यातून मेंदूच्या दोन बाजूंना वेगवेगळी कामं वाटली जातात. अशा पिल्लांना एका वेळी दाणा शोधणं आणि धोक्यावर नजर ठेवणं दोन्ही जमतं. पूर्ण अंधारात उबवलेल्या पिल्लांची या दोन्हींत ओढाताण होते.

मातीत लोळणं ही त्यांची अंघोळ आहे. कोरडी माती, थोडी राख, वाळू असा खड्डा सावलीत करून द्या आणि पावसात तो भिजू देऊ नका. आधी चोचीनं माती ओढून घेणं, मग बाजूवर पडून पंखानं ती पिसांत उडवणं, निपचित पडून राहणं आणि शेवटी उठून एकदम सगळी झटकणं, असा तो ठरलेला क्रम असतो. पिसांवरचं शिळं तेल आणि उवा यानं निघतात. जाळीच्या पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्या माती नसतानाही कोरड्या जाळीवर हेच सगळं करू बघतात. ते पाहिल्यावर ही गरज किती खोल आहे ते कळतं. एखादी निपचित पडलेली दिसली की मेली समजून धावू नका.

उन्हाळ्यात चोच उघडी टाकून धापा टाकतात, कारण त्यांना घामाच्या ग्रंथीच नाहीत. शरीराचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास. धाप लागून रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच पातळ होतं, हा उन्हाळ्यातल्या फुटक्या अंड्यांचा उलगडा. सावली, वारा, गार पाणी, आणि खाद्य सकाळ-संध्याकाळ. मिरची त्यांना तिखट लागत नाही, गोडाची चव तर कळतच नाही. दात नाहीत, म्हणून बारीक खडे गिळतात आणि जठराच्या जाड स्नायूंत दाणे त्या खड्यांनी दळले जातात.

राहिली अक्कल. इटलीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये तीन-चार दिवसांच्या पिल्लांसमोर सवयीच्या छोट्या वस्तू दोन पडद्यांमागे नेल्या आणि त्यातल्या काही एका पडद्यामागून दुसऱ्यामागे हलवल्या. पिल्लं जास्त वस्तू असलेल्या पडद्यामागे गेली, म्हणजे बेरीज-वजाबाकी त्यांनी मनात धरली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला २०११ मध्ये पिल्लांवर हवेचा हलका झोत सोडला तर ते बघणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले आणि ती त्यांना जास्त हाका मारू लागली. तिच्या स्वतःच्या अंगावर झोत सोडला तेव्हा एवढं झालं नाही. डोकं उडालं तरी कोंबडी जगते, हा दाखला अक्कल नसल्याचा म्हणून दिला जातो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १९४५ मध्ये असा एक कोंबडा खरोखर १८ महिने जगला. पण त्याच्यावरचा वार चुकला होता. श्वास, तोल, चालणं सांभाळणारा मेंदूचा देठ शाबूत राहिला होता. तसंच, कोंबडीला जमिनीवर दाबून समोर रेघ मारली की ती ‘संमोहित’ होते हा खेळ १६४६ पासून लिहिला गेलेला आहे. ते संमोहन नसतं. शत्रूच्या तावडीत सापडल्यावर मेल्याचं सोंग घ्यायची ती शेवटची धडपड असते, आतून ती पूर्ण घाबरलेली असते. मुलांना हा खेळ करू देऊ नका.

जाता जाता, तुम्ही न विचारलेला पण पुढे पडणारच असा एक प्रश्न. कोंबडी आरवू लागली तर अपशकुन मानून तिला कापू नका. कोंबडीत सहसा डावं अंडाशयच कामाचं असतं. गाठ किंवा संसर्गानं ते बिघडलं की मादीचं संप्रेरक घटतं, तुरा वाढतो, पिसं कोंबड्यासारखी येतात, आणि ती आरवते. कधी कळपात कोंबडा नसताना सगळ्यांत वरची धडधाकट कोंबडीही आरवते आणि अंडी चालूच ठेवते. उलट्या बाजूचंही ऐका: १४७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल गावात अंडं घातल्याच्या आरोपावरून एका ‘कोंबड्यावर’ खटला चालवून त्याला जाळलं होतं. ती बहुधा अशीच एखादी कोंबडी असावी. तुमच्याकडची आरवली तर तिचं पोट हलक्या हातानं चाचपा, गाठ किंवा पाणी लागतं का बघा, वजन उतरतंय का बघा, आणि तसं असेल तर पशुवैद्यांना दाखवा. खात-पीत असेल, उकरत असेल, तर तिला आरवू द्या.